ताटलीचा गोल्फ आणि वर्कशॉपमागचा माळ

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. दहावीपर्यंत मराठी म्हणजे निबंध पाठ करून जायचा पेपर होता. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी काढल्या असतीलच, आणि ज्या राहिल्या असतील त्या माझ्या! खरं तर हा लेख मी इंग्लिश सेक्शनला देणार होते. पण ज्यांनी तो वाचावा असं मला वाटतं ते इंग्लिश सेक्शन उघडत नाहीत, आणि ज्या आबांबद्दल लिहिणार आहे त्यांना इंग्लिश येत नाही. म्हणून इकडे.

विषय आहे गोल्फ. थांबा, पान उलटू नका! मराठवाड्यात गोल्फ म्हणजे हिंदी सिनेमात हिरॉइनचे वडील पांढरी टोपी घालून खेळतात तो खेळ, हे मलाही मान्य आहे. पण मी म्हणतेय तो गोल्फ बॉलचा नाही, डिस्कचा. डिस्क गोल्फ. आमच्या घरी त्याचं नाव पडलं 'ताटलीचा गोल्फ'. हा खेळ मी पहिल्यांदा खेळले ते अमेरिकेत नाही, पुण्या-मुंबईतही नाही, तर आमच्या अर्धापूरला, आबांच्या वावरात.

झालं असं की मागच्या दिवाळीत माझा आतेभाऊ आला होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो मॅसॅच्युसेट्सला एमएस करून तिथेच वुस्टर नावाच्या शहरात नोकरीला आहे. बॅगेतून चॉकलेटं, परफ्यूम वगैरे नेहमीचा माल निघाला आणि शेवटी निघाल्या तीन प्लास्टिकच्या चकत्या. एक पिवळी, एक केशरी, एक निळी. आजीने एक हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, "झाकणं आणलास का रे? डबे कुठायत?"

नियम इतके सोपे आहेत की आपलं कुठलंही जर्नल त्याहून अवघड असेल. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. असं करत करत शेवटी खांबावरच्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. खांबाला वरून साखळ्या लोंबत असतात. डिस्क त्यांच्यावर आदळली की छन्न आवाज होतो आणि ती खालच्या जाळीत पडते. जाळीचा काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे आपल्या कमरेच्या जरा खाली. गोल्फची आठवण म्हणून प्रत्येक टप्प्याला 'होल' म्हणतात, खड्डा मात्र कुठेच नाही. असे ९ किंवा १८ होल. ज्याच्या फेकी सगळ्यात कमी तो जिंकला. पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेली की एक फेक दंड. झालं, संपले नियम. अंपायर नसतो, आपले आकडे आपणच प्रामाणिकपणे सांगायचे. (हा भाग आपल्याकडे जरा कठीण जाईल.)

डिस्कही एकच नसते. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची, बिचवर खेळायच्या फ्रिसबीपेक्षा लहान आणि कडक. धारदार काठाची ती लांब जाते, तिला ड्रायव्हर म्हणतात. जाड, बोथट काठाची ती जवळून बास्केटमध्ये टाकायला, ती पटर. आणि मधली ती मिडरेंज. आमच्याकडे निळी ड्रायव्हर, केशरी मिडरेंज, पिवळी पटर.

या खेळाचा इतिहास मी नंतर शोधून वाचला आणि मला तो फार आवडला, कारण त्यात कुठेही राजे-महाराजे नाहीत. १९२६ साली कॅनडातल्या ब्लॅडवर्थ नावाच्या छोट्या गावात शाळकरी पोरं डब्यांची टिनची झाकणं फेकत असला खेळ खेळायची. (म्हणजे आजीचं बरोबरच होतं!) ती पोरं मोठी झाली आणि खेळ विसरला गेला. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीने फ्रेड मॉरिसन यांची प्लास्टिकची चकती बाजारात आणली, तीच फ्रिसबी. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमचा कोर्स आखला. ही बाग नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबच्या अगदी शेजारी आहे. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची. आपल्याकडे 'बॅटला कट लागली' वरून होतात तशीच. त्यावर उपाय म्हणून हेड्रिक यांनी साखळ्यांचं बास्केट बनवलं. साखळी वाजली, डिस्क जाळीत, भांडण खलास! मला हे एकदम इंजिनिअरिंग सोल्युशन वाटतं. हे गृहस्थ २००२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. हे मी आजीला सांगितलं तर तिने कानावर हात ठेवले.

दादा जिथे राहतो तिथून जवळच लेस्टर गावात 'मेपल हिल' नावाचा कोर्स आहे. जगातले मोठमोठे खेळाडू तिथे दरवर्षी स्पर्धेला येतात. दादाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पहिल्याच होलला समोर तळं, ते ओलांडून फेकायचं. पुढे दाट झाडीतून जेमतेम बोळाएवढी वाट. चेंडूसारखं सरळ फेकून चालतच नाही, डिस्क वळवून न्यावी लागते. मला वाटलं ही एखादी सरकारी बाग असेल. पण नाही, ते चक्क शेत आहे! ख्रिसमसला घरात ठेवतात ती झाडं तिथे पिकवतात आणि विकतात, आणि त्याच शेतात हा कोर्स. आबा चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वावरातच खेळायलेत की हे. मग आपल्या वावरात काय कमी हाय?"

आबांचं वावर म्हणजे काय ते नांदेडकडच्यांना सांगायला नको. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर अर्धापूर. केळीचं गाव. 'अर्धापुरी' नावाची केळीची जातच आहे. बाकी मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन येते, पण इसापूर धरणाचा कालवा जिथून जातो तिथे चित्र वेगळं आहे. केळी, हळद, ऊस. आणि कालव्याची हद्द संपली की लगेच पिवळा माळ. हिरवं आणि पिवळं यांच्यामध्ये एक रेघ मारल्यासारखी. आमचं वावर त्या रेघेवरच आहे. अर्धं भिजतं, अर्धं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, मी, शेजारची तीन पोरं आणि आबा, अशी आमची कोर्स डिझाइन कमिटी कामाला लागली. पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या रिमा आणि तुटक्या चेन आणल्या. रिम बांबूला आडवी बांधली, तिला चेनचे तुकडे लटकवले, खाली टोपलं. अशी तीन बास्केटं झाली. बाकी सहा ठिकाणी झाडाच्या खोडाला पोतं गुंडाळलं, पोत्याला लागली की झालं. नऊ होलचा कोर्स दुपारच्या जेवणाआधी तयार!

नऊच्या नऊ सांगत बसत नाही, तीनच सांगते.

दुसरा होल केळीतून. केळीची बाग आतून बघितली नसेल तर एकदा बघाच. दोन ओळींच्या मध्ये एक हिरवा बोगदा असतो. वर पानांची कमान, खाली गार. बाहेर ऊन आणि आत एकदम दुसराच देश. वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून कडेने शेवरी लावलेली असते, म्हणून आत वाराही नाही. त्या बोगद्यातून ऐंशी पावलांवर पोतं. डिस्क जरा डावीकडे झुकली की केळीला. आणि इथे आबांनी अमेरिकेत नसलेला नियम केला: पानाला लागली तर दंड नाही, खोडाला लागली तर एक, आणि घडाला लागली तर खेळ बंद. कारण घडाला मार लागला की तिथे काळा डाग पडतो, आणि डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो. हे सांगताना आबा मुळीच हसत नव्हते. मी आयुष्यात इतकी जपून कुठलीच गोष्ट फेकलेली नाही. तळ्यावरून फेकणाऱ्या त्या मेपल हिलच्या चँपियनांना घेऊन या म्हणावं एकदा, बाविशीतल्या पोरीच्या लग्नाच्या बोलण्यांएवढं टेन्शन असतं त्या होलला!

पाचवा होल कालव्यावरून. टी अलीकडच्या बांधावर, पोतं पलीकडच्या लिंबाला. मध्ये कालवा, आणि रब्बीची पाळी नुकतीच सुटलेली, म्हणजे काठोकाठ पाणी. मला वाटतं सगळ्यात सुंदर होल हाच. सकाळी पाण्यावर धूर असतो, लिंबावर बगळे, मागे हळदीचं कमरेएवढं रान. हळदीच्या पानाला एक वास येतो, तो शब्दांत सांगता येत नाही. पण डिस्क सुंदर बघत नाही. दादाची निळी ड्रायव्हर पहिल्याच दिवशी मधोमध जाऊन पडली आणि बुडाली. या डिस्क बहुतेक बुडतातच. शेजारचा पोरगा शर्ट काढायला लागला तर आबा ओरडले, "चकती गेली तं जाऊ दे, पाण्यात पाय घालायचा नाय!" पाळी चालू असताना कालव्यात उतरणं म्हणजे काय ते गावातल्या माणसाला माहीत असतं. त्यानंतर हा होल पिवळीने खेळायचा, आणि तोही पूल ओलांडून जायची तयारी ठेवून, असं ठरलं.

शेवटचा होल माळावर. भिजत नाही त्या अर्ध्या भागात एक टेकाड आहे. त्यावर उभं राहून खाली फेकायचं. तिथे काहीही नाही. खडक, कुसळं, दोन बाभळी. पण तिथून सगळं दिसतं. केळीचा पट्टा, कालव्याची रेघ, हिंगोली रोडवरचे ट्रक. आणि वारा! इथे डिस्क हातातून सुटली की ती आपली राहत नाही. मी पहिल्यांदा फेकली ती उजवीकडे गेली, तरंगत राहिली, आणि अगदी शेवटी मन बदलल्यासारखी डावीकडे वळून पोत्यापासून चार पावलांवर बसली. मी ओरडले ते बहुतेक नांदेडपर्यंत ऐकू गेलं असेल.

आता मेकॅनिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्या. ती डावीकडे का वळली? थिअरी ऑफ मशीन्सच्या व्हायवात मला जायरोस्कोपवर विचारलं होतं. 'आय ओमेगा ओमेगा-पी' मी घडाघडा म्हणून दाखवलं आणि पुढे 'म्हणजे काय?' असं विचारल्यावर छताकडे बघितलं. उत्तर मला त्या टेकाडावर मिळालं. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डिस्क वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. सुरुवातीला वेग जास्त असतो तेव्हा हवेचा उचलणारा जोर मध्याच्या मागे पडतो, म्हणजे नाक खाली दाबलं जातं. पण डिस्क फिरतेय, त्यामुळे ती नाक खाली घालत नाही, नव्वद अंश पुढे जाऊन उजव्या कुशीवर झुकते. वेग कमी झाला की तो जोर मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर उचललं जायला बघतं, आणि त्याच हिशेबाने डिस्क डाव्या कुशीवर कलंडते. जहाजाच्या पिचिंग-रोलिंगचं जे गणित आपण घोकतो ते हेच! फिरकी नसती तर ताटली दोन कोलांट्या खाऊन पायाशी पडली असती. पन्नास मार्कांचा पेपर देऊन जे कळलं नाही ते एका दुपारी कळलं. माझ्या त्या व्हायवाचे मार्क आता कुणी बदलून देणार नाही, असो.

आबांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आबा तिसऱ्या दिवसापर्यंत नुसते बघत होते. मग म्हणाले, आण इकडं. आम्ही बॅकहँड फेकायचो तशी त्यांनी फेकलीच नाही. त्यांनी कमरेतून, तळ्यावर चपटा दगड फेकतात तशी, बाजूने फेकली. तरुणपणी ज्वारी राखताना गोफण फिरवलेला हात तो. केशरी डिस्क कालवा ओलांडून, लिंब ओलांडून हळदीत गेली. आम्हाला ती शोधायला अर्धा तास लागला. दादा म्हणाला, याला फोरहँड म्हणतात, लोक हे शिकायला क्लास लावतात! आबा म्हणाले, "आमी विटी-दांडू खेळलेलो माणसं." आणि मग वकट, लेंड, मूठ, नाल असं मोजून दाखवलं. शेजारच्या तेलंगणात एक, दोन, तीन, चारला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. मी ते दोन्ही एकापाठोपाठ म्हणून बघितलं आणि मला एकदम मजा वाटली. आपला देशी खेळ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो तोसुद्धा मोजताना तेलुगू बोलतो. त्यामुळे 'हा खेळ परदेशी आहे' असं कुणी म्हटलं की मला आता विशेष काही वाटत नाही. शिवाय फेकायची चकती नांदेडला नवीन कुठेय? हल्लाबोलच्या मिरवणुकीत निहंग शिखांच्या पगडीवर लोखंडी चक्र असतं, ते पूर्वी फेकायचंच शस्त्र होतं. आम्ही लहानपणापासून बघतो.

आता मुद्द्यावर येते. हा लेख दिवाळीची मजा सांगायला लिहिलेला नाही.

आपल्या वर्कशॉपच्या मागे जो माळ आहे तो सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांना तो सबमिशनच्या आदल्या दिवशी फोनवर बोलायची जागा म्हणून माहीत आहे. त्यात एक ओढा आहे, जो पावसाळ्यात दोन महिने वाहतो. पळसाची झाडं आहेत, बाभळी आहेत, एक मोठा लिंब आहे, मध्येच खडक वर आलेला आहे. या सत्रात नोटीस लागली आहे की तो माळ सपाट करून तिथे दुसरं क्रिकेट ग्राउंड करायचं. लॉनसह. ओढा पाइपात घालायचा, लिंब सोडून बाकी झाडं काढायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे करू नका.

क्रिकेटला माझा विरोध नाही. पण पहिलं ग्राउंड आहेच, आणि त्यावर संध्याकाळी किती जण खेळतात? बावीस खेळतात आणि दोनशे कट्ट्यावर बसतात. त्या बावीसमध्ये मुलगी एकही नसते. मी तिसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांत मी त्या ग्राउंडवर पाय ठेवला तो फक्त गॅदरिंगच्या खुर्च्या मांडायला. शाळेतही तेच होतं. आम्हाला पीटी म्हणजे मार्च पास्ट आणि थ्रोबॉलचं अर्धं कोर्ट, ग्राउंड मुलांचं. कुणी हाकलत नाही, पण कुणी बोलावतही नाही. लांब फेकायची, धावायची, घाम यायची सवयच लागत नाही आणि मग वीस वर्षांची झाल्यावर आपण 'मला नाही बाई स्पोर्ट्स आवडत' असं म्हणायला लागतो. मीही म्हणायचे. त्या टेकाडावरून डिस्क फेकेपर्यंत माझा स्वतःचा तसा समज होता. गावातल्या एकदोघी बांधावर उभं राहून "पोरगी ताटल्या फेकायली" म्हणाल्या, पण तिसऱ्या दिवशी त्यातली एक विचारत होती, कशी धरायची ते दाखव.

या खेळात टीम जमवावी लागत नाही, अकरा जण लागत नाहीत. दोघी असल्या तरी चालतं, एकटीलाही चालतं. चालत खेळायचा खेळ आहे, सहा वाजता सुरू करून हॉस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत नऊ होल होतात. दम, ताकद यापेक्षा नेम आणि डोकं जास्त लागतं. अमेरिकेतही मुली यात कमीच आहेत हे मला माहीत आहे, त्यामुळे बास्केटं लावली की मुली आपोआप येतील असं काही मी म्हणत नाही. बोलवावं लागेल. पण निदान त्या जागेवर आधीपासून कुणाचा हक्क नसेल.

आणि पाणी! लॉन म्हणे. आपल्या हॉस्टेलला मे महिन्यात टँकर येतो आणि बादल्या घेऊन आपण रांगा लावतो, हे नोटीस काढणाऱ्यांना माहीत नाही का? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, आमच्या शाळेत पाण्याच्या बाटल्यांची पाळी असायची ती आठवते. त्या मराठवाड्यात आपण उन्हाळ्यात गवताला पाणी घालणार? डिस्क गोल्फला लॉन लागत नाही. खडक चालतो, ओढा चालतो, कुसळंही चालतात. उलट जमीन जितकी उंचसखल तितका होल चांगला. सपाट मैदानावर हा खेळ कंटाळवाणा होतो. म्हणजे आपल्याकडे जे आहे, जे आपण 'पडीक' म्हणतो, तेच नेमकं लागतं. जगात आज असे पंधरा हजारांच्या वर कोर्स आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत, कारण सांभाळायचा खर्चच कमी.

बास्केटं कुठून आणायची? हे विचारणारा माणूस आपल्या कॉलेजचा नसावा! फर्स्ट इयरला आपण प्रत्येक जण वर्कशॉपमध्ये बट जॉइंट आणि लॅप जॉइंट करतो, त्यावर पेंटने रोल नंबर टाकतो आणि वर्षअखेरीला ते सगळे तुकडे भंगारात जातात. मी ड्रॉइंग काढून ठेवलंय. दीड मीटरचा उभा पाइप, सळईच्या तीन रिंगा, बारा साखळ्या, तळाला जाळी. एका बास्केटला साधारण साठ ठिकाणी वेल्ड लागतो. एका बॅचचं सगळं वेल्डिंग प्रॅक्टिकल त्यात बसतं. मार्क तेवढेच, पण काम भंगारात जाणार नाही. सिव्हिलवाल्यांनी सर्वे कॅम्पला त्या माळाचे कंटूर काढलेलेच आहेत, दरवर्षी तेच काढतात. कोर्स आखायला नकाशा तयार आहे.

अडचणी नाहीत असं नाही. डिस्क कडक असते, डोक्याला लागली तर टाके पडतील, म्हणून रहदारीच्या वाटेवरून कुठलाही होल न्यायचा नाही. झाडांच्या सालीला मार बसतो, अमेरिकेतल्या बागांमध्ये यावरून वादही होतात. आमच्या बाभळीच्या खोडावरही आठवड्याभरात ओरखडे दिसायला लागले होते, तेव्हा आबांनी पोत्याचा दुसरा फेरा गुंडाळला. सतत एकाच वाटेने चालून जमीन कडक होते. हे सगळं खरं आहे. पण ओरखडे आणि जेसीबी यात मी ओरखडे निवडेन.

काही मित्रांचं म्हणणं, 'चार दिवसांचं फॅड आहे तुझं.' असेलही. फॅड संपलं तर नऊ बास्केटं भंगारात विकता येतील आणि माळ तिथेच राहील. सपाट केलेला माळ परत उंचसखल करून कुणी देत नाही. आणखी एक जण म्हणाला, तिथे साप आहेत. आहेत. आमच्या केळीतही आहेत. म्हणून डिस्क शोधताना आधी काठी आपटायची, हे मला आबांनी पहिल्या दिवशी शिकवलं.

आम्ही अर्ज दिला आहे. खाली ६४ सह्या आहेत, त्यातल्या ३१ मुलींच्या. सोबत ड्रॉइंग आणि कंटूर मॅपची झेरॉक्स जोडली आहे. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि परवा 'जिमखान्याकडे वर्ग' असा शेरा मारून परत आमच्याकडेच आला. जिमखान्याच्या खिडकीवर सांगितलं की मैदानाचा विषय आमच्याकडे नाही. म्हणजे आता तो तिसऱ्या टेबलावर न्यायचा आहे. जेसीबी परीक्षांनंतर येणार असं कळतं.

पिवळी आणि केशरी माझ्याकडे आहेत. पहिलं बास्केट, वेल्ड जरा वेडेवाकडे आहेत, पण वर्कशॉपच्या मागच्या लिंबापासून पन्नास पावलांवर उभं आहे. शनिवारी पाचनंतर आम्ही तिथे असतो. बूट घालून या, कुसळं फार आहेत.